साठ पैसे गुणिले सारं जग

जपानचा एक येन म्हणजे आपले साठेक पैसे. तेवढ्यात आज लिमलेटची गोळीसुद्धा येत नाही. पण डॉलरचा भाव १४९ येनांवरून १५० वर सरकला, नुसता एका येनाने, आणि वर्षभर तिथेच टिकला, तर टोयोटा कंपनीच्या नफ्यात ४५ ते ५० अब्ज येनांचा फरक पडतो! रुपयांत करू या. पावणेतीन हजार कोटींच्या घरात! कारखान्यात एक बोल्टही जास्तीचा आवळलेला नाही, एक गाडीही जास्तीची विकलेली नाही, आणि साठ पैशांच्या हालचालीने पावणेतीन हजार कोटी इकडचे तिकडे.

हा आकडा असा नुसता ऐकून हाती लागत नाही. त्याला जमिनीवर आणू. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा आपला अटल सेतू घ्या. लांबी सुमारे २२ किलोमीटर, खर्च सुमारे १७,८४० कोटी रुपये. डॉलर साडेसहा येनांनी हलला, की टोयोटाच्या ताळेबंदात एक अख्खा अटल सेतू उभा राहतो किंवा कोसळतो. आणि २०२२ साली काय झालं? वर्षाच्या सुरुवातीला डॉलर ११५ येनांच्या आसपास होता, ऑक्टोबरात त्याने १५० ओलांडले. पस्तीस येन! कागदावर गुणाकार केला तर पाच अटल सेतू, आणि वर सहाव्याचे एक तृतीयांशाहून जास्त खांब. येन घसरला म्हणून वारं टोयोटाच्या पाठीशी होतं. तेच वारं उलटं फिरलं असतं तर तेवढाच खड्डा.

हे माप येतं कुठून? टोयोटा वर्षाला सुमारे एक कोटी गाड्या बनवते. रात्रंदिवस, दिवाळी-दसऱ्यालाही न थांबता हिशेब धरला तर दर तीन सेकंदांना एक गाडी. एका गाडीमागे फरक पडतो अवघा पावणेतीन हजार रुपयांचा. हा आकडा कुणालाही पेलेल. पण गुणिले एक कोटी! बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अडचणींबद्दल मोठमोठी पुस्तकं आहेत. चलन, कायदे, कर, राजकारण, वाहतूक अशी प्रकरणं पाडलेली असतात. मला मात्र त्या सगळ्या प्रकरणांत एकच गोष्ट दिसते आणि ती थक्क करते: तिथे कुठलीही अडचण एकटी येत नाही, गुणाकार बरोबर घेऊन येते.

तो गुणाकार डोळ्यांनी बघायचा तर सुएझ कालव्यावर चला. लांबी १९३ किलोमीटर. सीएसएमटीहून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १९२ किलोमीटरचा, म्हणजे डेक्कन क्वीन जेवढी धावते जवळजवळ तेवढाच हा कालवा. २०२१ च्या सुमारास जगाच्या व्यापारातला सुमारे १२ टक्के माल एवढ्याशा फटीतून ये-जा करायचा. २३ मार्च २०२१ च्या सकाळी जोराच्या वाऱ्यात आणि उडत्या वाळूत ‘एव्हर गिव्हन’ नावाचं जहाज तिथे आडवं झालं आणि दोन्ही काठांत रुतून बसलं.

केवढं जहाज? लांबी ४०० मीटर. आपली पंधरा डब्यांची लोकल त्याच्या शेजारी उभी करा. लोकल संपते, जहाज संपत नाही. आणखी जवळजवळ चार डबे जोडावे लागतात. रुंदी ५९ मीटर. एकमेकींना खेटून सोळा लोकल उभ्या राहतील. आणि पोटात व पाठीवर मिळून वीस फुटी मापाचे २०,१२४ कंटेनर मावतात. ते टोकाला टोक लावून मांडले तर? १२२ किलोमीटर! मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. कळंबोलीपासून कंटेनर मांडत निघालो, बोरघाट चढलो, लोणावळा मागे टाकलं, किवळ्याला रस्ता संपला, तरी साडेसत्तावीस किलोमीटर शिल्लकच! ते पिंपरी-चिंचवडातून, पुणे शहरातून पार पलीकडे न्यावे लागतील. मालगाडीने न्यायचे म्हणाल, तर आपल्या रेल्वेच्या एका कंटेनर गाडीला ४५ वाघिणी, एकेका वाघिणीवर असे दोन कंटेनर, म्हणजे गाडीला ९०. लागतील २२४ मालगाड्या! तासाला एक सोडली तरी शेवटची सुटायला नऊ दिवस उलटतात.

आणि हे काही जगातलं सर्वांत मोठं जहाज नव्हे. २०२३ साली सेवेत आलेल्या ‘एमएससी इरिना’वर २४,३४६ कंटेनर मावतात. म्हणजे १४८ किलोमीटर. मुंबई ते पुणे सडकेने जाऊन बघा. तो सगळा रस्ता एकाच जहाजावर!

‘एव्हर गिव्हन’ सहा दिवस अडकलं होतं. मागेपुढे चारशेहून जास्त जहाजं तुंबली. एकेकाची लांबी सरासरी दोनशे मीटर धरली, तरी सीएसएमटीपासून थेट नेरळच्या जवळपर्यंत नुसती जहाजंच जहाजं. जहाजवाहतुकीच्या जाणकारांनी तेव्हा अंदाज काढला की दिवसाला सुमारे ९.६ अब्ज डॉलरचा माल अडतोय. त्या वेळच्या भावाने ७० हजार कोटी रुपये. मुंबई महापालिकेचा २०२१-२२ चा अर्थसंकल्प होता सुमारे ३९ हजार कोटींचा. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका रस्ते, पाणी, दवाखाने, शाळा या सगळ्यांवर वर्षभरात जे खर्च करणार, त्याच्या पावणेदोनपट माल एका दिवसात जागच्या जागी उभा! तासाला २,९०० कोटी. मिनिटाला ४८ कोटी. सेकंदाला ८० लाख. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत अडीच कोटी अडले. सहा दिवसांचे धरा: सव्वाचार लाख कोटींच्या आसपास. महाराष्ट्र सरकारला त्या अख्ख्या वर्षात सुमारे ३ लाख ६९ हजार कोटींचा महसूल अपेक्षित होता. हा माल बुडाला नव्हता, नुसता थांबला होता. पण कारखान्याला सुटा भाग लागतो तो आजच, आणि दुकानाला माल लागतो तो सणाच्या आधी.

जहाज सोडवायला नाकाखालून सुमारे ३० हजार घनमीटर वाळू उपसली. ही वाळू विहिरींत मोजू. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर घ्या, खडक लागला तर जी खणायला शेतकऱ्याचे महिनेच्या महिने जातात. अशा ८४ विहिरी! एका दिवसात चौदा. त्यातच पौर्णिमेच्या उधाणाची भरती मदतीला आली, टगबोटींनी ओढ दिली, आणि २९ मार्चला जहाज हललं.

हललं, पण सुटलं नाही. इथे बहुराष्ट्रीय म्हणजे काय याचा अर्थ उलगडतो. जहाजाची मालकी जपानी कंपनीकडे. चालवायला घेतलेलं तैवानच्या एव्हरग्रीनने. निशाण पनामाचं. देखभालीची व्यवस्था जर्मन कंपनीकडे. विमा ब्रिटनमध्ये. माल पूर्व आशियातून भरलेला, निघालेला नेदरलँड्सच्या रॉटरडॅमकडे. कालवा इजिप्तचा. आणि जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय! सात-आठ देशांचे कायदे एका पोलादी सांगाड्यावर येऊन बसले. इजिप्तने आधी ९१.६ कोटी डॉलर भरपाई मागितली, नंतर ती ५५ कोटी डॉलरवर आली. पहिली मागणी रुपयांत ६,७०० कोटी. जहाजावर सुमारे १८,३०० कंटेनर होते. दर कंटेनरमागे ३६ लाखांहून जास्त. आत रबरी चपला असोत की यंत्रं, डब्यामागे भाव तोच. तडजोड होऊन जहाज निघालं ७ जुलैला. अडकलं सहा दिवस, वाटाघाटींत गेले शंभर. वाळूपेक्षा कागद सोळापट चिवट निघाला, आणि त्या शंभर दिवसांत आपल्या घरापासून हजारो किलोमीटरवर थांबून राहिलेल्या खलाशांचा हिशेब कुठल्याच दाव्याच्या रकमेत बसत नाही.

अडीच वर्षांनी त्याच वाटेवर दुसरं संकट. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हूथींनी तांबड्या समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज हेलिकॉप्टरने उतरून ताब्यात घेतलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. वळसा केवढा? सहा ते साडेसहा हजार किलोमीटर. मुंबई-पुणे चाळीसहून जास्त वेळा! दहा दिवस जास्तीचे. एवढं जहाज दिवसाला शंभर टन इंधन खातं असं हात आखडून धरलं, तरी एका फेरीत हजार टन जादा. रस्त्यावरच्या वीस टनी टँकरने मोजलं तर पन्नास टँकर, एका जहाजाला, एका बाजूने.

पण खरी गंमत इंधनात नाही, वेळापत्रकात आहे. समजा आशिया-युरोपची एक फेरी जाऊन-येऊन बारा आठवड्यांची आहे आणि दर आठवड्याला एक जहाज सुटायला हवं. बारा जहाजं लागतात. आता जाण्यायेण्यात मिळून वीस दिवस वाढले. फेरी झाली पंधरा आठवड्यांची. म्हणजे पंधरा जहाजं! पूर्वीएवढाच माल, पूर्वीच्याच बंदरांत, पूर्वीच्याच वारी पोचवायला तीन जहाजं नव्याने आणायची. प्रत्येकावर चोवीस हजार कंटेनर धरले तर तिघांचे ७२ हजार. टोकाला टोक लावा: ४३६ किलोमीटर. मुंबईहून निघून सातारा, कराड, कोल्हापूर मागे टाकून रांग कर्नाटकात शिरते. आणि हे सगळं कशासाठी? फक्त जिथे होतो तिथेच राहण्यासाठी!

समुद्र तरी दिसतो. न दिसणारी गोष्ट काय करते बघा. २७ जून २०१७. डेन्मार्कची मर्स्क कंपनी, जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजकंपन्यांपैकी एक. जगाच्या पाठीवर दर पंधरा मिनिटांनी तिचं एक जहाज कुठल्या ना कुठल्या बंदरात शिरतं, दिवसाला ९६. त्या दिवशी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू सुटला. तो मर्स्कवर सोडलेलाही नव्हता. पण कंपनीचं जाळं सगळ्या जगाला जोडलेलं, आणि ज्या धाग्याने जग जोडलं त्याच धाग्याने विषाणू धावला. संगणकांचे पडदे एकामागून एक काळे पडले. तो थेट आपल्या न्हावाशेव्याला येऊन धडकला. तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या गोदीचे संगणक बंद पडले. या गोदीची तेव्हाची क्षमता वर्षाला १८ लाख कंटेनरांची. दिवसाला सरासरी ४,९०० कंटेनर, टोकाला टोक लावले तर रोज तीस किलोमीटर. ते आता हाताने लिहून, विचारून, शोधून हलवायचे!

न्हावाशेवा म्हणजे केवढं बंदर, तेही जाता जाता मोजू. २०२४-२५ या वर्षात सगळ्या गोद्या मिळून ७३ लाख कंटेनर. लांबी ४४ हजार किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५. उरणजवळच्या एका बंदरातले एका वर्षाचे डबे पृथ्वीला पूर्ण वेढा घालतात आणि वर चार हजार किलोमीटर उरतात!

आता मर्स्कची दुरुस्ती. ४५ हजार संगणक, ४ हजार सर्व्हर आणि अडीच हजार प्रणाली, सगळं नव्याने बसवायचं. एका माणसाने एका संगणकाला एक तास लावला, जेवला नाही, झोपला नाही, तरी ४५ हजार तास म्हणजे पाच वर्षांहून जास्त. मर्स्कने ते दहा दिवसांत केलं! दहा दिवस म्हणजे २४० तास; तासाला १८७ संगणक, मिनिटाला तीनहून जास्त, अखंड. त्या दहा दिवसांत साडेनऊशेच्या वर वेळा जहाज बंदरात शिरायचंच होतं. समुद्रातल्या जहाजाला थांब म्हणता येत नाही. आणि तरीही कामाची घट फक्त वीस टक्के! उरलेलं ऐंशी टक्के माणसांनी कागद, फोन, व्हॉट्सॲप, जे हाताला लागेल त्यावर निभावलं. मी या सगळ्या आकड्यांत सर्वांत जास्त ज्याला नमस्कार करीन तो आकडा हा: ऐंशी टक्के.

यातली एक हकिकत ‘वायर्ड’ मासिकाने पुढे छापली. कंपनीच्या जाळ्यात कुणाला कुठे प्रवेश, हे ठरवणारे दीडशेच्या आसपास मुख्य संगणक होते. एकमेकांची नक्कल ठेवणारे. एक गेला तर दुसरा आहेच, ही योजना. सगळे एकदमच जातील हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. सगळे पुसले गेले. उरला एक, आफ्रिकेतल्या घानामध्ये. का? तर विषाणू आला त्या वेळी तिथली वीज गेली होती! त्यातली माहिती इंग्लंडला पाठवायची तर तिथलं इंटरनेट इतकं मंद, की दिवसच्या दिवस लागतील. माणसाला विमानात बसवावं, तर घानाच्या कार्यालयात कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी घानाचा कर्मचारी नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनला उडाला. ४५ हजार संगणकांचं पुनरुज्जीवन एका हातातल्या पिशवीवर आणि एका पासपोर्टावरच्या शिक्क्यावर येऊन ठेपलं. मर्स्कने नुकसान सांगितलं २५ ते ३० कोटी डॉलर, म्हणजे वरच्या अंगाने सुमारे १,९०० कोटी रुपये. त्या विषाणूने जगभरात मिळून केलेलं नुकसान अमेरिकी सरकारच्या अंदाजाने १० अब्ज डॉलर. म्हणजे ६४ हजार कोटी रुपये!

करांची गोष्ट लांबवत नाही, पण एक आकडा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. युरोपीय आयोगाने २०१६ साली म्हटलं, की ॲपलच्या आयर्लंडमधल्या एका कंपनीने २०१४ मध्ये युरोपातल्या नफ्यावर भरलेला कर ०.००५ टक्के होता. लाखाला पाच रुपये! खटला चालला आठ वर्षं आणि १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲपलला आयर्लंडच्या तिजोरीत १३ अब्ज युरो भरायला लावले, व्याज वेगळं. सुमारे १ लाख २० हजार कोटी रुपये. आयर्लंडची लोकसंख्या ५४ लाखांच्या आसपास. माणशी सव्वादोन लाख रुपये, तान्ह्या मुलांसकट. आणि आश्चर्य म्हणजे आयर्लंड सरकार कोर्टात ॲपलच्याच बाजूने उभं होतं, हे पैसे नकोत म्हणून. कंपन्या टिकून राहाव्यात ही त्या छोट्या देशाची गरज एवढी मोठी.

आयातशुल्काचं तर एका सहीचं काम. अमेरिकेने २०२५ मध्ये मोटारींवरचं शुल्क वाढवलं आणि टोयोटाने ऑगस्टमध्ये सांगितलं, की त्या आर्थिक वर्षात याचा फटका १.४ लाख कोटी येनांचा. रुपयांत ८३ हजार कोटी. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा विक्रमी अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. तो पूर्ण गिळून वर साडेआठ हजार कोटी शिल्लक. दिवसाला २२७ कोटी. मिनिटाला पंधरा लाखांहून जास्त.

आणि आता आपल्या मुंबईच्या कंपनीकडे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, २.३ अब्ज डॉलरला. ऑगस्ट २०२५ संपता संपता या जग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला. सप्टेंबर उजाडला आणि ब्रिटनमधले कारखाने थांबले. चाकं पुन्हा फिरू लागली ती ८ ऑक्टोबरपासून, तीही टप्प्याटप्प्याने. पाच आठवडे! आठवड्याला सुमारे पाच हजार गाड्या हुकल्या. पंचवीस हजार गाड्या, एकेक पाच मीटरची: सव्वाशे किलोमीटर. न बनलेल्या गाड्यांची रांग मुंबईहून निघते, घाट चढते आणि तळेगावच्या पुढे जाऊन थांबते. ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संस्थेचा अंदाज असा, की त्या देशाच्या अर्थव्यवस्थेला १.९ अब्ज पौंडांचा फटका बसला, आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांपासून गाड्या विकणाऱ्यांपर्यंत पाच हजारांवर संस्था पोळल्या. रुपयांत २२ हजार कोटींहून जास्त. न बनलेल्या दर गाडीमागे जवळजवळ ९० लाख! डॉलरमध्ये हा आकडा अडीच अब्जांच्या पुढे जातो. महागाई बाजूला ठेवून नुसता आकड्यासमोर आकडा मांडा: ज्या किमतीला दोन नामांकित ब्रँड, कारखान्यांसकट, कायमचे विकत मिळाले होते, त्याहून जास्त किंमत एका देशाने पाच आठवड्यांच्या शांततेची मोजली.

मग हे सगळं मिळून किती? संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेने, अंकटाडने, २०२४ चा जागतिक व्यापार मांडला: वस्तू आणि सेवा मिळून ३३ लाख कोटी डॉलर. याच संस्थेच्या आधीच्या एका अंदाजाने जागतिक व्यापाराचा ऐंशी टक्के भाग बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या जाळ्यांतून वाहतो. डॉलरला ८४ रुपये धरले तर एकूण आकडा २,७७२ लाख कोटी रुपये. सेकंदाला पावणेनऊ कोटी! आता पाचशेच्या नोटा काढा. एक नोट १५ सेंटिमीटर लांब. टोकाला टोक लावत चला. पहिला पृथ्वीचा फेरा लक्षातही येत नाही. चंद्र मागे पडला. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर, पोचलो. नोटा संपल्या? नाही. परत पृथ्वीवर आलो. पुन्हा सूर्य. पुन्हा पृथ्वी. पुन्हा सूर्य, पाचवी खेप, आणि अजून आठ कोटी किलोमीटरच्या नोटा हातात! सगळी मिळून ८३ कोटी किलोमीटर. सूर्यापासून सरळ बाहेर पट्टी टाकली असती, तर पृथ्वी ओलांडून, मंगळ ओलांडून, ती गुरूच्या कक्षेपलीकडे गेली असती.

एका वर्षाची पट्टी ही. त्या वर्षी ती आधीच्या वर्षापेक्षा १.२ लाख कोटी डॉलरने लांबली होती. नुसत्या या वाढीच्या नोटा वेगळ्या काढल्या तर तीन कोटी किलोमीटर भरतात: पृथ्वीभोवती साडेसातशे वेढे.